काळ्या कातळाच्या खाली: कोयना ते काणकोण

शुक्रवार: पुणे, उंब्रज, कोयनानगर

आत्याने डिकीत हातोडी, भिंग आणि चिवड्याचा डबा ठेवला आणि बजावलं, विचारल्याशिवाय तिन्हींना हात लावायचा नाही. आत्या भूशास्त्र शिकवून निवृत्त झाली. तिचं जुनं म्हणणं असं, की पुण्या-साताऱ्याकडचा माणूस जन्मभर एकाच खडकावर राहतो आणि जगात दुसरा खडक नाहीच असं धरून चालतो. या वेळी तिला मला त्या खडकाच्या काठापर्यंत न्यायचं होतं, आणि काठ ओलांडून पलीकडेही.

खंबाटकीत रस्त्यासाठी कापलेल्या कड्याशी थांबलो. काळा दगड, त्यावर भोकं पडलेला पिंगट थर, पुन्हा काळा दगड. एकेक थर म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोट. लाव्हा वाहताना त्यातला वायू वर येतो आणि वरचं कवच थिजताना त्याचे बुडबुडे तिथेच अडकतात, म्हणून लोटाचा माथा सच्छिद्र आणि मधला भाग घट्ट. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट असे स्फटिक वाढले. पुण्या-नाशिकच्या खाणींतले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. दोन लोटांमध्ये कधी लाल मातीचा पट्टा दिसतो. आधीचा लोट बराच काळ उघडा पडून कुजला, मग त्यावर नवा तापलेला लोट आला, अशी ती खूण.

“हा रस आला कुठून?” मी विचारलं.

“पृथ्वीच्या पोटात सगळीकडे लाल रस खदखदतोय असं वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढ,” आत्या म्हणाली.

कवचाखालचं प्रावरण घन आहे. तापलेलं असतं, पण वरच्या वजनाचा दाब त्याला वितळू देत नाही. एखाद्या ठिकाणी ते घन अवस्थेतच अतिशय हळू वर सरकू लागलं की दाब उतरतो, आणि उष्णता जराही न वाढता त्यातला थोडा भाग वितळतो. तो रस भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर चढतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपली भूमी हिंदी महासागरात आजच्या रियुनियन बेटाच्या तप्तबिंदूवरून, म्हणजे खालून तापलेलं प्रावरण वर येत असलेल्या जागेवरून, उत्तरेकडे सरकत असताना, हेच प्रचंड प्रमाणात घडलं. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि ११०० ते १२०० अंश सेल्सिअसचा पातळ लाव्हा लोटामागून लोट पसरत गेला. झीज होऊन उरलेला हा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. त्यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला, आणि भूशास्त्राच्या हिशेबात एवढा काळ म्हणजे घाईच.

उंब्रजला वळून मल्हारपेठ, पाटण करत कोयनानगर गाठलं. धरण बघायला गर्दी होती. आम्हाला मात्र जमिनीखालचं बघायचं होतं, आणि ते डोळ्यांनी दिसण्यासारखं नव्हतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. या भागात अजूनही धक्के बसतात. त्यांचं मूळ शोधायला शास्त्रज्ञांनी इथे खोल भोकं पाडली. रासाटी गावच्या भोकात ९३० मीटरच्या आसपास बेसाल्ट संपला. गोठणे गावच्या तीन किलोमीटर खोल भोकात तो १२४७ मीटरवर संपला. खाली लागला ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म, म्हणजे नाईस. मध्ये गाळाचा एक थरही नाही. लाव्हा थेट उघड्या, झिजलेल्या, अब्जावधी वर्षं जुन्या जमिनीवर येऊन पसरला होता.

आत्याने फोनवर गाभ्याचा फोटो दाखवला. भोकातून काढलेला दगडाचा दंडगोल, राखाडी-गुलाबी, अंगावर काळसर पट्टे. धरणाच्या भिंतीकडे पाठ करून मी तो फोटो मोठा करून बघत बसलो होतो, आणि शेजारचं कुटुंब माझ्याकडे बघत होतं.

“हा बघायला एक किलोमीटर खणावं लागलं,” आत्या म्हणाली. “बुधवारी हाच तुला रस्त्याच्या कडेला दाखवते.”

शनिवार: कऱ्हाड, पन्हाळा, बांदिवडे

कऱ्हाड ते कोल्हापूर हायवेवर सांगण्यासारखं काही नाही. पन्हाळ्यावर चहा झाला. गडाच्या माथ्यावर जांभा आहे आणि जांभ्याखाली बेसाल्ट. बेसाल्टच ऊन-पावसात कुजून, त्यातली सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, धुऊन जाऊन, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं की जांभा होतो.

खरी ओढ पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवड्याची होती. तिथे बेसाल्टचे खांब आहेत. कुणी तासून एकाला एक लावून ठेवल्यासारखे पाच-सहा कोनांचे. गावातला एक म्हातारा आमच्याबरोबर वरपर्यंत आला आणि आम्ही न विचारताच म्हणाला, “ही कुणी घडवल्याली न्हाईत बरं का, आपसूकच झाल्याती.” अशा जागांवर पांडवांची गोष्ट ऐकायला मिळेल अशी माझी तयारी होती, त्यामुळे हे ऐकून बरं वाटलं.

आपसूक म्हणजे असं. जाड लोट साचला की तो वरून हवेकडे आणि खालून जमिनीकडे उष्णता टाकत थिजतो. थिजलेला दगड आणखी गार होताना आकसतो. सगळीकडून सारखा ताण बसला की तो मोकळा करायला कमीत कमी भेगांत काम भागवणारी रचना साधारण षटकोनी येते. भेग आधी पृष्ठभागावर पडते आणि गारवा जसजसा आत जाईल तसतशी त्याच्या मागोमाग आत उतरते. म्हणून खांब नेहमी थिजणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात. खांब आडवे किंवा वाकडे दिसले तर तिथला गार होणारा पृष्ठभागच उभा किंवा वाकडा होता असं समजायचं. गारवा सावकाश सरकला तर खांब जाड होतात, भराभर सरकला तर बारीक. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर, इमारतींच्या गराड्यात, असेच उंच खांब उभे आहेत. मुंबईत जन्म काढलेल्या कितीतरी लोकांनी ते पाहिलेले नाहीत, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आत्याने एका पडलेल्या ढलप्यावर भिंग ठेवलं. बारीक, काळसर, कणच दिसेनात. मग तिने सर जेम्स हॉल या स्कॉटिश गृहस्थाची हकीकत सांगितली. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने असाच दगड भट्टीत वितळवला. भराभर गार केला तर काच झाली, सावकाश केला तर पुन्हा कणीदार दगड. खडक वितळलेल्या रसातून होऊ शकतो हे तोवर बऱ्याच विद्वानांना पटत नव्हतं. सगळे खडक समुद्राच्या पाण्यातून खाली बसले असं मानणारा त्यांचा मोठा पंथ होता.

रात्री कोल्हापूर. तांबडा-पांढरा रस्सा. पुढचं लिहायला पेन उचलवलं नाही.

रविवार: राधानगरी, फोंडाघाट, कणकवली

दाजीपूरच्या जंगलातून घाटाच्या तोंडाशी आलो तेव्हा धुकं नुकतं फाटत होतं. फोंडाघाट उतरताना दोन्ही बाजूंना ओळखीचा काळा कातळ. वळणावळणाने आपण एकेक लोट खाली उतरत असतो, म्हणजे काळात मागे जात असतो. वरचा लोट नवा, खालचा जुना.

पायथ्याशी रंग बदलला. पांढुरका, गुलाबीसर, वाळूचा दगड. हा कलादगी गटाचा, कर्नाटकातल्या कलादगी गावावरून नाव मिळालेला, एक अब्जाहून अधिक वर्षांचा. काळ्या कातळाचा काठ तो हाच. डोक्यावर ६.६ कोटी वर्षांचा बेसाल्ट आणि पायाखाली त्याच्या कितीतरी पट जुनी वाळू. मधल्या काळाचा इथे एक कागदही उरलेला नाही.

मी मोठ्या आत्मविश्वासाने तुकडा उचलून म्हटलं, “क्वॉर्टझाइट. रूपांतरित.”

“घाई करू नकोस,” आत्या म्हणाली. “फुटलाय कसा ते बघ.”

वाळूचा दगड फुटताना भेग कणांना वळसा घालून जाते. खऱ्या रूपांतरित क्वॉर्टझाइटमध्ये उष्णता आणि दाबामुळे कण एकमेकांत शिरून पुन्हा स्फटिक झालेले असतात, म्हणून भेग कणांच्या मधूनच आरपार जाते. इथे मामला मधला होता. कणांच्या फटींत सिलिका बसून दगड टणक झालेला, पण मूळ गोल कण भिंगाखाली स्वच्छ दिसत होते. टणक झाला म्हणजे रूपांतर झालं असं नव्हे. आत्याच्या मते पाठ्यपुस्तकं इथेच मुलांना फसवतात. तीन चौकटी काढून अग्निजन्य, गाळाचा आणि रूपांतरित अशी तीन नावं लिहितात, आणि डोंगरात गेल्यावर अर्धे दगड चौकटींच्या रेघांवर बसलेले सापडतात.

कासार्ड्याच्या बाजूला हीच वाळू खणतात. टपरीवर चहा घेताना एकाने विचारलं, “तुमी खयसून इलात?” आम्ही दगड बघायला आलोय म्हटल्यावर तो हसला. “दगड कसले? ही सगळी रेती काचेक जाता.”

दुपारी कणकवलीजवळ जानवली आणि वागद्याच्या बाजूला गेलो. इथल्या जुन्या खडकांत क्रोमाइट आहे, म्हणजे क्रोमियमचं खनिज. शिलारस गार होताना सगळी खनिजं एकदम थिजत नाहीत. जास्त उष्णतेला तग धरणारी आधी स्फटिक होतात. ऑलिव्हिन, क्रोमाइट ही त्यांतली. ती रसापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतात, आणि वर उरलेल्या रसाचं रसायन बदलत जातं. त्यात सिलिकेचं प्रमाण वाढतं. म्हणजे एकाच रसातून तळाला काळा जड खडक आणि वर फिकट हलका, असे वेगवेगळे खडक होऊ शकतात. नॉर्मन बोवेन या शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत सिलिकेटचे रस वितळवून-थिजवून हा क्रम मांडला. तो क्रम मी परीक्षेपुरता पाठ केला होता. जानवलीत कळलं की खाणी कुठे निघायच्या हेही त्याच्यावर ठरतं.

सोमवार: वेंगुर्ला, रेडी, तेरेखोल

वेंगुर्ल्यापर्यंत काजू, आंबा आणि जांभ्याचे गडगे. जांभ्याने सगळं झाकून टाकलेलं असतं, त्यामुळे दगड बघणाऱ्याला कोकण तसं कंजूसच. खालचा खडक बघायचा तर नदीचं पात्र, किनाऱ्यावरची टोकं किंवा खाणी गाठाव्या लागतात.

रेडीत लोखंडाची खनिजं आहेत. तिथला मूळ दगड पट्ट्यापट्ट्यांचा. एक पट्टी लोहाची, गडद लालसर-करडी, आणि एक पट्टी सिलिकेची, फिकट. हा गाळ अतिप्राचीन समुद्रात साचला. हवेत प्राणवायू जवळजवळ नसताना समुद्राच्या पाण्यात लोह विरघळून राहू शकायचं. ते तळाशी बसत गेलं, मग सगळा गठ्ठा खोल दाबला गेला, तापला, दुमडला. गोव्यातल्या डिचोली, सांखळीच्या खाणी ज्या खनिजावर चालल्या ते याच जातीचं. हातात तुकडा घेतला की मनगटाला आधी त्याचं वजन कळतं.

तेरेखोलहून फेरीने केरीला उतरलो. फेरीत एक गोंयकार मासळीची टोपली घेऊन बसला होता. आत्याने त्याच्याकडून बांगड्यांचा भाव काढला आणि दगडांचा विषय मडगावपर्यंत बंद राहिला.

मंगळवार: मडगाव, करमल घाट, पाळोळे

बाळ्ळी, बार्से, पाडी करत काणकोणला जाणारा रस्ता. बार्सेजवळच्या दगडाला बार्से गावाचंच नाव दिलेलं आहे. हिरवट करडा, हाताला थोडा गुळगुळीत. मला तो बघून काहीच आठवलं नाही.

“हा तुझा काळा दगड,” आत्या म्हणाली.

म्हणजे कधीकाळचा लाव्हा, बेसाल्टच. पण अडीच अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीचा, जमिनीत खोल गाडला गेलेला. खाली जाताना दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते आणि वरच्या खडकांचा दाबही. काळ्या दगडातलं पायरॉक्सिन आणि फेल्स्पार हे ११०० अंशांच्या रसातून झालेले. ते ३००-४५० अंशांना, दाबाखाली आणि थोड्या पाण्याच्या सान्निध्यात टिकत नाहीत. त्यांच्यातले अणू जागा सोडतात आणि त्या परिस्थितीत टिकणारी खनिजं तयार होतात: क्लोराइट, एपिडोट, अ‍ॅक्टिनोलाइट. तिन्ही हिरवट. दगड या सगळ्यात कुठेही वितळत नाही. घन राहूनच आतून बदलतो. रूपांतर म्हणतात ते हे, आणि यातलं पाणी फार महत्त्वाचं, कारण कणांच्या सीमांवरून अणूंची ने-आण तेच करतं. आपल्या शाळेची दगडी पाटीही अशीच. चिखलाच्या दगडावर दाब पडून त्यातले अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे एका दिशेला आडवे झाले, म्हणून तिचे पातळ थर निघतात.

सह्याद्रीचा बेसाल्ट असा खोल गाडला गेला असता तर त्याचंही हेच झालं असतं. तसं झालं नाही, म्हणून तो काळा राहिला.

पाळोळ्याला दुपारी ओहोटी होती. किनाऱ्याच्या दोन्ही टोकांना मोठमोठे गोलसर धोंडे पडलेत. पर्यटक त्यांवर बसून फोटो काढत होते. हा काणकोणचा ग्रॅनाइट. आत्या एका धोंड्याशी वाकली आणि फेल्स्पारचे फिकट, लांबट स्फटिक दाखवू लागली, काही बोटाच्या पेराएवढे. बांदिवड्याला भिंगाखालीही कण दिसत नव्हते, इथे नुसत्या डोळ्यांनी मोजता येत होते. कारण वेळ. लाव्हा उघड्यावर थिजतो, त्याला वाढायला सवड मिळत नाही. हा रस काही किलोमीटर खोल, भोवतीच्या खडकाच्या पांघरुणात अडकून राहिला आणि हजारो-लाखो वर्षं गार होत गेला. खडीसाखरेचे मोठे खडे हवेत तर पाक ढवळायचा नसतो आणि घाईने गारही करायचा नसतो, तसंच.

मग तो वर कसा आला? तो आला नाही. त्याच्यावरचे काही किलोमीटर खडक झिजून गेले. धोंडे गोल झाले कारण ग्रॅनाइटला आडव्या-उभ्या भेगा पडतात, पाणी त्यांत शिरतं आणि कोपऱ्यावर तीन बाजूंनी काम होतं, म्हणून कोपरे आधी जातात.

संध्याकाळी एका खडकाळ टोकावर काळी पट्टी दिसली. फिकट जुन्या खडकातून सरळ रेघ मारल्यासारखी गेलेली भित्ती, म्हणजे डाइक. भेगेत रस शिरून थिजलेला. कडेला अगदी बारीक कणांची, कारण तिथे गार खडकाला टेकली, आणि मध्यभागी जराशी भरड. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या अशा भित्तींचं वय सुमारे ६.३ कोटी वर्षं निघालं आहे. म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखीचा मुख्य भर ओसरल्यावरही रस इथवर भेगा शोधत होता.

१७८५ मध्ये स्कॉटिश भूशास्त्रज्ञ जेम्स हटनला स्कॉटलंडच्या ग्लेन टिल्ट खोऱ्यात ग्रॅनाइटच्या गुलाबी शिरा काळ्या दगडात घुसलेल्या दिसल्या. ग्रॅनाइट कधीकाळी वितळलेला होता याचा तो पुरावा. त्याला इतका आनंद झाला की बरोबरच्या वाटाड्यांना वाटलं, याला सोन्याचांदीची शीर सापडली. आत्याने भित्तीवर हात टेकून फोटो काढून घेतला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर साधारण तेच होतं. हातोडी मात्र तिने दिवसभरात एकदाही बाहेर काढली नाही. किनाऱ्यावरच्या दगडाचे टवके काढणाऱ्यांविषयी तिची मतं छापण्यासारखी नाहीत.

बुधवार: मोले, अनमोड घाट, बेळगाव

अनमोड घाट. गाड्यांची रांग, ट्रक, माकडं. एका रुंद वळणावर गाडी लावली.

कोयनेच्या फोटोतला दगड इथे रस्त्याला लागून उभा होता. फिकट पट्टी क्वॉर्ट्झ आणि फेल्स्पारची, गडद पट्टी काळ्या अभ्रकाची, हॉर्नब्लेंडची, आणि या पट्ट्या कुठे सरळ, कुठे वळसे घेत घडी पडलेल्या. इथल्या पट्टिताश्माचं वय ३ अब्ज वर्षांच्याही मागे जातं. मूळचा तोही शिलारसातूनच थिजलेला, ग्रॅनाइटच्या नात्यातला. नंतर पंधरा-वीस किलोमीटर खोल, सहाशे-सातशे अंशांत सापडला. एका बाजूने दाब जास्त असेल तर अभ्रकासारखी चपटी खनिजं त्या दाबाला आडवी होऊन वाढतात, आणि फिकट-गडद खनिजं वेगळी होऊन पट्टे पडतात. आणखी थोडी उष्णता आणि पाणी मिळालं तर फिकट भाग वितळू लागतो, आणि तो रस वर जाऊन पुन्हा ग्रॅनाइट होतो. काही ठिकाणी फिकट शिरा अशा फुगलेल्या होत्या की दगड तिथे वितळण्याच्या उंबरठ्यावर थांबला असावा. आत्याने त्यांवर बोट ठेवून “असावा” या शब्दावर जोर दिला.

खडकाने किती उष्णता सोसली हे त्यातली खनिजं सांगतात. भूशास्त्रज्ञ जॉर्ज बॅरो याने १८९३ पासून पुढे स्कॉटिश डोंगरांत चालत-चालत नोंद केली, की एका बाजूने जावं तसं चिखलाच्या मूळ दगडात आधी क्लोराइट, मग काळं अभ्रक, मग गार्नेट, पुढे कायनाइट आणि शेवटी सिलिमनाइट येतं. नकाशावर रेघा ओढून त्याने जुन्या उष्णतेची मोजपट्टीच बनवली. आजही भूशास्त्राचा विद्यार्थी अनोळखी डोंगरात गेला की आधी गार्नेट शोधतो.

घाट चढताना आत्या बाहेर बोट करत म्हणाली, “आता कडा बघ. फोंडाघाटात होता तसाच आहे ना?”

तसाच होता. तीच उभी भिंत, तीच खाली पसरलेली कोकणपट्टी. फक्त तिथे ती बेसाल्टची होती आणि इथे तीन अब्ज वर्षांच्या पट्टिताश्माची. दगड बदलला तरी कड्याची रेघ तुटली नाही, ती पुढे कर्नाटकातही जाते. म्हणून सह्याद्री ज्वालामुखीने उभा केला हे वाक्य अर्धंच खरं. लाव्ह्याने दगड दिला. कडा झाला तो नंतर, पश्चिम किनारा फाटून जमीन उचलली गेली आणि नद्यांनी ती पूर्वेकडे मागे-मागे खात नेली तेव्हा. त्यांच्या वाटेत जो दगड आला त्याचा कडा झाला. जिथे बेसाल्ट होता तिथे बेसाल्टचा, जिथे तो कधी पोचलाच नव्हता किंवा झिजून गेला होता तिथे खालच्या जुन्या जमिनीचा.

“मग गडागडावर पाट्या लावून लाव्ह्याला श्रेय देणारे सगळे?”

“त्यांना अनमोडला पाठव,” आत्या म्हणाली, आणि चिवड्याचा डबा काढायची परवानगी दिली.

लोंढ्याच्या पुढे लाल माती, बेळगाव जवळ आलं तशी मध्येच काळी. कापलेल्या बांधांत पुन्हा बेसाल्ट दिसू लागला. कुंद्याच्या दुकानासमोर गाडी लावायला जागा मिळेना, तेव्हा आत्या उतरून पुढे गेली आणि मी दोन चकरा मारून आलो.